पावशेर शेंगदाणे

सुपारी फुटायची त्या दिवशी सकाळी आमच्या घरात एकच चर्चा चालली होती. हवालदाराला लपवायचं कुठं? पाटाभोवतीची रांगोळी, पाहुण्यांचं पाणी, नवरीची साडी, सगळं बाजूला राहिलं. नवरी मीच, त्यामुळं कुणाकडं तक्रार करायचीही सोय नव्हती.

"गच्चीवर चढवा त्याला," मोठ्याई म्हणाली.

"वैशाखाच्या उन्हात? मरंल की बिचारा," माझी आई म्हणाली.

"मग न्हाणीत बसवा."

"न्हाणीत पाहुणे हात धुवायला जातेत!" तात्या ओरडले. "डोकं हाय का तुम्हाला? सरकारी माणूस हाय तो, त्याला न्हाणीत बसवू?"

तात्यासाहेब म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि मोठ्याई म्हणजे त्यांची बायको मनकर्णाबाई. माझे वडील, आप्पा, थंडीपासून हर्सूलच्या जेलात होते. माझ्या सुपारीसाठी त्यांना एका दिवसाची सुट्टी मिळाली होती, दिवस मावळायच्या आत परत जायच्या बोलीवर. सोबत सांडू नावाचा हवालदार येणार होता. आणि पाहुण्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आता जेलात माणूस असणं ही त्या दिवसांत काही नवलाची गोष्ट नव्हती. आणीबाणी होती, भल्याभल्यांच्या घरची माणसं आत होती. पण आम्ही औताडे भल्याभल्यांत कधीच नव्हतो. आमच्या घराण्याचा सगळा इतिहास सुरक्षित बाजूला उभं राहण्याचा. पोलीस ॲक्शनच्या वेळी आजोबांनी पेटीत दोन टोप्या तयार ठेवल्या होत्या, एक तुर्की आणि एक गांधी. फौजा शहरात शिरल्या तरी त्यांची खात्री पटंना. निजाम शरण आल्याचं रेडिओवर ऐकलं, शेजाऱ्याला विचारून पुन्हा पडताळलं, तेव्हा कुठं गांधी टोपी डोक्यावर चढली आणि आजोबा मिरवणुकीत सगळ्यांच्या मागं सामील झाले. तेव्हाही दुसरी टोपी उपरण्याखाली होतीच म्हणे.

ती गांधी टोपी पुढं तात्यांकडं आली. आणीबाणीत ते उस्मानपुऱ्यातल्या आमच्या वॉर्डाच्या वीस कलमी समितीचे अध्यक्ष झाले. कलमं किती, हे त्यांना पाठ होतं. कोणती, हे मात्र कुणी विचारायचं नसे.

अशा घरातला माणूस जेलात गेला कसा? आईला विचाराल तर देशासाठी.

त्याचं असं झालं. थंडीत पैठणचे पाहुणे मला बघायला यायचे होते. पोह्यात घालायला घरात शेंगदाणे नव्हते. मी आप्पांच्या हातात पिशवी दिली आणि गुलमंडीवरनं पावशेर कच्चे शेंगदाणे आणायला सांगितलं. आप्पा मोंढ्यातल्या आडतीवर दिवाणजी. बाजारातनं काय आणा म्हटलं की तेवढंच आणणारे, ना कमी ना जास्त. गुलमंडीवर त्या दिवशी आणीबाणीविरुद्ध सत्याग्रह होता. घोषणा देणाऱ्या माणसांना पोलिसांनी गाडीत घातलं, आणि त्यांच्यात आप्पाही गेले. पाहुण्यांनी पोहे खाल्ले ते शेंगदाण्यांशिवाय.

"मला कळू नये म्हणून शेंगदाण्याचं निमित्त केलं त्यांनी," आई सगळ्यांना सांगायची. "मोठं काम करणारी माणसं घरात सांगून जातेत व्हय?" शेंगदाणे मी मागितले होते, त्यांनी नव्हे, हे मी तिला एकदा सांगून बघितलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाय.

कारण आई बदलली होती. जी बाई कधी एकटी गल्लीबाहेर पडली नव्हती, ती भेटीच्या दिवशी शेजारच्या गौहरभाभींबरोबर टांग्यात बसून हर्सूलला जायला लागली. गौहरभाभींचे मिया नवाबभाई पहिल्याच धरपकडीत गेले होते, त्यांच्या 'जमात' संघटनेवर सरकारनं बंदी आणली म्हणून. आई पहिल्या दिवशी रडत बसली, तर भाभी म्हणाल्या, "रो नक्को सरूभाभी. अपने मरदां चोरी करके थोडे गए? उठो, डब्बा भरो." एक खट्टी दाळ भरायची, एक धपाटे. आत दोघे भाऊ भाऊ असल्यासारखे वाटून खायचे. हळूहळू नळावर बायका आईला पुढं नंबर द्यायला लागल्या. "सरूबाई, तुम्ही भरा आधी." आई 'नाय नाय' म्हणत घागर पुढं सरकवायची. माझ्या आईला जन्मात कुणी एवढा मान दिला नव्हता.

पण तिकडं तात्यांनी भलताच घोळ करून ठेवला होता. बघायच्या दिवशी पाहुण्यांनी विचारलं, मुलीचे वडील दिसत नायत? तात्यांची टोपी घामानं भिजली. आणि ते म्हणाले, "आप्पा व्हय? तो पैठणला गेलाय. नाथांच्या मंदिरात पारायण धरलंय."

पाहुणे पैठणचेच होते!

जगात एवढी गावं असताना पैठणच्या माणसांना पैठण सांगणारा माणूस फक्त आमच्याच घरात निपजू शकतो. मुलाचे वडील काकासाहेब मोठे आनंदले. म्हणाले, मग काय, घरचंच झालं. त्यांच्या घरातनं रोज मंदिरात शिधा जायला लागला. आप्पा काही सापडंनात. निरोप आला. तात्यांनी उलट निरोप धाडला, की आप्पानं मौन धरलंय, ओळख देत नाय. ते लोक मंदिरात बसलेल्या गप्प माणसांना निरखायला लागले. मग तात्यांनी आप्पांना गोदावरीच्या पलीकडं एका मठात पाठवलं. अखेर काकासाहेबांचा निरोप आला. मुलगी पसंत हाय, पण सुपारी बापासमोर फुटंल, नायतर फुटायची नाय.

म्हणून त्या दिवशी आप्पा आले.

टांगा दारात थांबला. आप्पा उतरले, दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, अंगात सदरा त्याच दिवशीचा. मागनं सांडू हवालदार. आई ओवाळायला ताट आणायला आत पळाली, तेवढ्यात आप्पांनी मला हातातली पिशवी दाखवली. माझीच पिशवी.

"आशे, हे बघ. तू सांगितले होते ना."

मी पिशवीचं तोंड उघडून बघितलं. शेंगदाणे होते. थोडं पीठ सुटलं होतं, काहींना भोकं पडली होती.

"आत जाताना जमा करून घेतले होते," आप्पा म्हणाले. "आज कपडे दिले, त्याबरोबर हे बी दिले."

"आप्पा, म्हणजे तुम्ही हे घेतले होते?"

"मग? पावशेर. कच्चे."

"आणि मग सत्याग्रह केला?"

आप्पांनी मान खाली घातली. "ते नंतर सांगतो," म्हणाले, आणि पिशवी परत स्वतःकडं घेतली. पण मला सांगायची गरज नव्हती. सत्याग्रहाला निघालेला माणूस आधी शेंगदाणे तोलून घेत नाय. आई ताट घेऊन बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडाकडं मला बघवंना. तिनं नवऱ्याला असं ओवाळलं, की जणू तो किल्ला जिंकून आलाय.

तात्यांनी सांडूला बाजूला घेतलं. "हवालदार, तेवढा खाकी सदरा काढता का? मी माझा देतो. पाहुण्यांना सांगू, फुलंब्रीकडचे मामा हायत."

"सदरा नाय काढता येत सायब. डूटी हाय."

"मग टोपी तरी?"

"टोपी काढतो," सांडू म्हणाला, आणि मोठ्याईनं त्याला स्वयंपाकघरात पाटावर बसवून पुढ्यात लसूण सोलायला दिला. सोलायलाही तो तयार झाला. भला माणूस होता.

मग पाहुणे आले. काकासाहेब अंगानं भारी आणि बोलायला सरळ. बरोबर त्यांचे दोन भाऊबंद, आणि रामकिसन. रामकिसन जायकवाडीच्या कालव्यावर ओव्हरसियर होता. बघायला आला तेव्हा बाकी काही न विचारता त्यानं मला विचारलं होतं, सायकल येती का? येती म्हटल्यावर हसला होता. त्याआधी मला बघून गेलेल्यांनी माझ्या रंगाबद्दल एवढं काय काय कळवलं होतं, की सायकलीबद्दल विचारणारा माणूस मला देवानं धाडल्यासारखा वाटला. आवडला होता मला तो. लई आवडला होता.

सगळे बैठकीत बसले. मधे तबकात सुपारी आणि नारळ. मी दाराआड, मोठ्याई आणि आई माझ्या मागं.

"तर आप्पासाहेब," काकासाहेब म्हणाले, "मौन सुटलं वाटतं! आम्ही लई शोधलं बघा तुम्हाला. पैठणात नेमके उतरला कुठं होता?"

आप्पांनी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी छताकडं.

आमच्या घरात खोटं बोलायला सगळे एकत्र येतात. पण ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याला कळवायचं कुणाच्या ध्यानात राहत नाय. आईला वाटलं तात्यांनी सांगितलं असंल, तात्यांना वाटलं आईनं. तात्या तर जेलाच्या रस्त्यालाही कधी गेले नव्हते.

"पैठणात?" आप्पा म्हणाले. "मी कशाला पैठणला जाऊ? मी हर्सूलला असतो."

"हर्सूलला? तळ्याकडं?"

"नाय. जेलात."

आणि नेमकी त्याच वेळी, आमचं नशीबच तसं, आत चुलीवर तापत राहिलेल्या तेलाच्या धुरानं सांडूला ठसका लागला. पाणी पाणी करत खाकीतला माणूस बाहेर आला, पुढं वॉर्ड समितीचे अध्यक्ष दिसले, आणि सवयीनं त्यानं त्यांना कडक सॅल्यूट ठोकला. त्याच्या बोटाला लसणाचं साल चिकटलेलं होतं.

"हे फुलंब्रीकडचे मामा," तात्या म्हणाले.

कुणी हसलं नाय. काकासाहेबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. ते चिडतील असं वाटलं होतं, पण ते चिडले नायत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"तात्यासाहेब, चार महिने माझ्या मालकिणीनं शिधा वाहिला. ते जाऊ द्या. पण माझ्या पोराची नोकरी अजून कच्ची हाय. माझ्या ओळखीतल्या एकाला घरी बसवलं म्हणतेत, का तर मेव्हणा आत हाय. मी भ्यालोय. खोटं कशाला बोलू? तुमची पोरगी गुणाची हाय, पण मी भ्यालोय." मग ते आप्पांकडं वळले. "एकच सांगा. तुम्ही त्यांच्यातलेच, का चुकून उचललं तुम्हाला? चुकून असंल तर तसं बोला. मी सायबांच्या कानावर घालतो. तुम्ही बी सुटाल, आन् लगीन बी हुईल."

"चुकून!" तात्या उडालेच. "अगदी चुकून! आमच्या घराण्यात असलं कुणी काय करत नाय. चार पिढ्यांत कुणी काय केलेलं नाय, विचारा कुणालाबी!"

"चुकून नाय!"

माझ्या कानाजवळनं आवाज गेला आणि आई बैठकीत जाऊन उभी राहिली. थोरल्या दिरासमोर ती जन्मात कधी अशी उभी राहिली नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"भावजी, माझा मालक देशासाठी आत गेलाय. तुम्हाला लाज वाटत असंल तर तुमच्यापाशी ठेवा. चुकून म्हणू नका."

"सरू, आत जा," तात्या म्हणाले.

"ती नाय जाणार आत," दारातनं मोठ्याई म्हणाली. तीस वर्षं तात्यांच्या प्रत्येक गोष्टीला मान डोलावणारी माझी मोठ्याई! "खरं बोलती ती. तुम्हीच गप बसा जरा."

तात्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तो समितीच्या कुठल्याच कलमात बसणारा नव्हता.

"थांबा," आप्पा म्हणाले. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "काकासाहेब, खरं काय ते मी सांगतो. त्या दिवशी मी गुलमंडीवर..."

बोलता बोलता त्यांनी पिशवीत हात घातला आणि माझ्याकडं बघितलं. आईकडं नाय, माझ्याकडं. तेव्हा मला कळलं की पिशवी त्यांनी सकाळपासून जवळ का ठेवलीय. हा माणूस मूठभर किडके शेंगदाणे पाहुण्यांसमोर ठेवणार होता आणि सांगणार होता, मी कुणी नाय, मी बाजाराला गेलो होतो. मग पाहुणे पोट धरून हसले असते. हसत हसत सुपारी फुटली असती. सायकल येती का विचारणारा रामकिसन माझा झाला असता.

माझ्या मनात आलं, सांगू दे. देवाशपथ आलं. मी चोवीस वर्षांची होते, मला देशाशी काय करायचं होतं? सांगा आप्पा, लवकर सांगा, असंच म्हणत होते मी मनात.

मग माझं लक्ष आईकडं गेलं. तिचे डोळे आप्पांवर होते, आणि ती ताठ उभी होती. उद्या नळावर ही बाई पुन्हा सगळ्यांच्या मागं उभी राहील. बायका तोंडाला पदर लावून शेंगदाण्याचा भाव विचारतील.

मी पुढं गेले आणि आप्पांच्या मांडीवरनं पिशवी उचलली.

"बाई बाई, आप्पा! पोहे थांबलेत याच्यावाचून, आन् तुम्ही धरून काय बसलात?" मग एका दमात काकासाहेबांना म्हटलं, "माझे वडील सत्याग्रहालाच गेले होते. मला सांगून गेले. शेंगदाणे मी नंतर जेलात पाठवले होते, त्यांना आवडतेत म्हणून."

मी आत पळाले.

स्वयंपाकघरात शेंगदाणे सुपात ओतले आणि किडके निवडायला बसले. डोळ्यांना धार लागली होती, त्यामुळं चांगले कोणते आणि किडके कोणते, नीट दिसंना. मोठ्याई शेजारी येऊन बसली आणि निवडायला लागली. सांडूनंही लसूण सोडून सुपात हात घातला. त्यातले चांगले तेवढे दाणे घालून पोहे झाले, बशा बाहेर गेल्या. पाहुण्यांनी खाल्ले. आलेलं अन्न टाकणाऱ्यांतले ते नव्हते.

काकासाहेब उठले. आप्पांना हात जोडले. "तुम्ही मोठी माणसं," म्हणाले, "आम्हाला नाय झेपायचं." औताडे घराण्याला मोठी माणसं म्हणणारा तो पहिला माणूस, आणि त्यानंच माझं लग्न मोडलं. ओसरीत माझी सायकल भिंतीला टेकून उभी होती. रामकिसन तिच्यापाशी जरासा थांबला, मग वडिलांच्या मागं गेला. पुढच्या वर्षी त्याचं बीडकडं लग्न झालं असं ऐकलं. तबकातली सुपारी तशीच राहिली.

उन्हं उतरली तसा सांडू म्हणाला, निघायला पाहिजे. टांगा आला. आई आणि गौहरभाभींचा डबा तयार होताच. मी म्हटलं, मी सोडायला जाते. टांग्यात बसले तर पुढं तात्या आधीच चढून बसलेले, टोपी घालून.

"तुम्ही कुठं?" आप्पांनी विचारलं.

"सोडायला," तात्या म्हणाले.

दिल्ली दरवाजा मागं पडला. मग आप्पांनी हळू आवाजात विचारलं, "आशे, खोटं का बोललीस तू?"

"तुम्ही खरं बोलणार होता म्हणून."

आप्पांनी डोळे पुसले. "गाडीत मी सांगणारच होतो गं, का मी यांच्यातला नाय. पण कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. झेंडूचा. मोठा होता. आमच्या लग्नानंतर कुणी हार घातला नव्हता मला. तो काढून द्यायला हातच उचलंना माझा." मग म्हणाले, "तुझं लगीन गेलं माझ्या हारापायी."

"जाऊ द्या," मी म्हटलं. "किडके दाणे खाऊन गेला तो." आणि मग मी रडले, आणि आप्पा रडले. पुढं तात्यांची पाठही हलत होती, पण रस्ता खराब होता, म्हणून खात्रीनं सांगता येत नाय.

जेलाच्या फाटकाशी नवाच घोळ झाला. सकाळी दिलेलं सामान जसंच्या तसं परत जमा करायचं होतं. तिथल्या कारकुनानं वही उघडून वाचलं, "पिशवी एक. शेंगदाणे पावशेर." पिशवी होती. सांडू पिशवीत वाकून बघायला लागला आणि त्याला घाम फुटला.

"शेंगदाणे कुठायत?" कारकून म्हणाला.

"खाल्ले," तात्या म्हणाले.

"कुणी खाल्ले? नोंद करावी लागंल. नाव सांगा."

आजोबांपासून आमच्या घरात एक नेम होता. सरकारी वहीत नाव लागू द्यायचं नाय, ना चांगल्यासाठी ना वाईटासाठी. सांडू म्हणाला, सायब, माझं लिहा पाहिजे तर. पण तात्या पुढं झाले. टोपी काढून त्यांनी बगलेत धरली.

"लिहा, तात्यासाहेब औताडे, राहणार उस्मानपुरा."

"कैद्याशी नातं?"

"सख्खा भाऊ," तात्या म्हणाले, एवढ्या मोठ्यानं की आतल्या पहारेकऱ्यानं वळून बघितलं.

आप्पा तिथंच उभे राहून हसायला लागले. हसत हसतच आत गेले. तात्यांचं अध्यक्षपद पुढच्याच आठवड्यात गेलं. देशाच्या एवढ्या मोठ्या धामधुमीत आमच्या घराण्याची लेखी नोंद कुठं झाली असंल तर ती तेवढीच: शेंगदाणे पावशेर, खाणार तात्यासाहेब औताडे, नातं सख्खा भाऊ.